टोप घातलेली गांधीलमाशी: एका वगळलेल्या प्रसंगाचा प्रकरण अभ्यास

1 जून 1870 रोजी लंडनहून ऑक्सफर्डला एक छोटं पत्र गेलं. लिहिणारा होता जॉन टेनियल, 'पंच' साप्ताहिकाचा मुख्य व्यंगचित्रकार. ज्याला गेलं तो चार्ल्स डॉजसन, ख्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवणारा, वाचकांच्या ओळखीचा लुइस कॅरल. 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'नंतरच्या, अ‍ॅलिसच्या दुसऱ्या पुस्तकाचं, म्हणजे 'थ्रू द लुकिंग-ग्लास'चं, काम तेव्हा अर्ध्यावर आलं होतं.

पत्रात दोन सूचना होत्या. आगगाडीच्या प्रसंगात गाडी ओढ्यावरून उडी मारते आणि घाबरलेली अ‍ॅलिस शेजारच्या म्हाताऱ्या बाईचे केस धरते, असं कॅरलने लिहिलं होतं. टेनियलचं म्हणणं, तिने बोकडाची दाढी धरावी. ती हाताशीच आहे, आणि धक्क्याने दोघं एकमेकांवर येणारच. दुसरी सूचना जास्त कडक. गांधीलमाशीचा भाग मला बिलकूल रुचत नाही, त्याचं चित्र कसं करायचं ते दिसत नाही, पुस्तक आटोपशीर करायचं असेल तर कात्री लावायची जागा हीच. केसांचा टोप (विग) घातलेली गांधीलमाशी चित्रकलेच्या आवाक्यात येत नाही, असाही त्याचा एक लेखी शेरा आहे, पण तो या पत्रातला नाही. पत्राच्या शेवटी घाईत असल्याचं सांगून सही.

डिसेंबर 1871 मध्ये पुस्तक बाजारात आलं (शीर्षकपानावर साल 1872). त्यात अ‍ॅलिस बोकडाची दाढी धरते. म्हातारी बाई डब्यातून गायब आहे. गांधीलमाशी तर अख्ख्या पुस्तकात नाही.

चित्रकाराने 'हे काढा' म्हणावं यात नवल नाही. लेखकाने ते मुकाट्याने काढावं, आणि तेही या लेखकाने, हे नवल आहे. कॅरल पुस्तकाचा सगळा खर्च स्वतःच्या खिशातून करायचा. प्रकाशक मॅकमिलन त्याचं पुस्तक कमिशनवर विकायचे. त्यामुळे शेवटचा शब्द त्याचाच. छपाईच्या बारीकसारीक गोष्टींवरून तो प्रकाशकाला पत्रांमागून पत्रं लिहायचा. अ‍ॅलिसच्या झग्याला घेर किती असावा हेही चित्रकाराला सांगायचा. असा माणूस चार ओळींच्या पत्रावर एक आख्खा लिहून झालेला, खिळे (छपाईचे धातूचे अक्षरठसे) लागलेला प्रसंग टाकून देतो, याची कारणं त्या पत्राच्या आधीच्या सात-आठ वर्षांत आहेत.

लेखकाने आधी स्वतः काढून पाहिलं होतं

4 जुलै 1862 ला ऑक्सफर्डहून गॉडस्टोपर्यंत नावेतून जाताना कॅरलने लिडेल घराण्यातल्या तीन बहिणींना ही गोष्ट तोंडी सांगितली, इतकं बहुतेकांना माहीत असतं. त्यानंतरचं वेळापत्रक फारसं कुणी बघत नाही, आणि कामाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं. हस्तलिखिताची सुवाच्य प्रत त्याने नोव्हेंबर 1862 मध्ये लिहायला घेतली. चित्रांसाठी जागा मोकळ्या सोडत मजकूर फेब्रुवारी 1863 पर्यंत संपवला. त्या मोकळ्या जागा भरायला मात्र सप्टेंबर 1864 उजाडला. तीन महिने अक्षरं, दीड वर्ष चित्रं. एकूण 37 चित्रं, सगळी स्वतःच्या हातची. 26 नोव्हेंबर 1864 ला ती वही अ‍ॅलिस लिडेलला भेट गेली.

ही चित्रं हौशी आहेत, पण टाकाऊ नाहीत. सशाच्या घरात अ‍ॅलिस वाढत जाते आणि खोलीत मावेनाशी होते, त्या प्रसंगासाठी कॅरलने खोली काढलीच नाही. चित्राची चौकट हीच खोली धरली, आणि त्या चौकटीत गुडघे पोटाशी, मान वाकडी अशी मुलगी कोंबून बसवली. टेनियलने पुढे हाच प्रसंग खिडकीसकट, रीतसर काढला. रेघ त्याची कितीतरी सरस, पण कोंडल्याची भावना हौशी चित्रातच जास्त आहे. कल्पना कॅरलकडे होती. हात कमी पडत होता. 1863 च्या उन्हाळ्यात त्याने लाकडी ठोकळ्यावर स्वतः चित्र काढून ते एका कोरणाऱ्याला दाखवूनही पाहिलं. त्या खटपटीतून काय कळलं असेल ते पुढच्या पावलावरून दिसतं. डिसेंबर 1863 मध्ये त्याने टॉम टेलर या नाटककाराकडून टेनियलची चौकशी केली, जानेवारी 1864 मध्ये त्याला भेटला आणि एप्रिलमध्ये होकार मिळवला.

मधल्या काळात गोष्ट जवळपास दुप्पट झाली. हसणारं चेशायर मांजर, वेड्यांची चहापार्टी, डचेसचं मिरपुडीने भरलेलं स्वयंपाकघर यातलं काहीच वहीत नव्हतं. टेनियलची सगळ्यात गाजलेली चित्रं या वाढीव भागातली आहेत. जिथे लेखकाचं आधीचं चित्र आडवं येत नव्हतं, तिथे चित्रकार जास्त मोकळा झाला असं म्हणायला जागा आहे.

या दीड वर्षाचा एक फायदा पुढे दिसतो. 'हे चित्रात येत नाही' म्हणजे काय, ते या लेखकाला बोटांतून ठाऊक होतं. न काढलेल्या लेखकाला ते नखरे वाटले असते.

ठोकळा

अ‍ॅलिससाठीचं टेनियलचं कोणतंही चित्र वाचकापर्यंत थेट पोचत नव्हतं. मध्ये लाकूड होतं, चित्रं कोरणाऱ्या डॅल्झिएल बंधूंचा कारखाना होता आणि तांबं होतं. ही साखळी समजल्याशिवाय त्या पत्रातली घाई आणि तुटकपणा समजत नाही.

लाकूड बॉक्सवूडचं, अतिशय घट्ट आणि बारीक पोताचं. फळी लांबीत न कापता खोडाची आडवी चकती काढायची, म्हणजे कोरणी कुठल्याही दिशेला सारखी चालते, तंतू आडवे येत नाहीत. खोड जाड नसतं, म्हणून मोठ्या चित्रासाठी लहान ठोकळे एकमेकांना बोल्टने जोडायचे. पृष्ठभागावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, म्हणजे पेन्सिल उठून दिसते.

टेनियल आधी कागदावर कच्चं रेखाटन करायचा, ट्रेसिंग पेपरने ते ठोकळ्यावर उलटं उतरवायचा (छापल्यावर सुलट यावं म्हणून) आणि मग 6एच या कडक पेन्सिलीने पक्कं करायचा. 6एच घेऊन बघा: रेघ करडी, केसासारखी बारीक, दाब वाढवला तरी काळी होत नाही. म्हणजे छापात काळं दिसणारं सगळं त्याला मनात काळं बघत काढावं लागे. मॉडेल समोर बसवणं त्याला मान्य नव्हतं. माणूस, कपड्याच्या चुण्या, काहीही असो, सगळं आठवणीतून. विशीत तलवारबाजीच्या सरावात त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली होती, हे इथे सांगून ठेवलेलं बरं.

मग कोरणारा. रेघ ठेवायची आणि रेघेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकायचं, असं हे उफराटं काम. जिथे आडव्या-उभ्या रेघांची जाळी दिसते तिथे कोरणाऱ्याने जाळीतला एकेक चौकोनी दाणा टिपून काढलेला असतो. प्रूफ आल्यावर चित्रकार त्यावर पांढऱ्या रंगाने खुणा करून परत पाठवतो: इथे उजळ करा, ही रेघ तोडा. लाकूड काढून टाकता येतं, परत लावता येत नाही. चूक मोठी असेल तर तो भाग पोखरून त्यात नव्या बॉक्सवूडची खुंटी ठोकायची आणि तेवढं पुन्हा कोरायचं. म्हणूनच प्रसंग बदलायचा असेल तर ठोकळ्याआधी, नाहीतर बदलू नये.

शेवटी तांबं. मूळ ठोकळ्यावरून छापलं तर तो झिजतो. त्यामुळे ठोकळ्याचा मेणात साचा घ्यायचा, त्यावर विजेच्या साहाय्याने तांब्याचा पातळ थर चढवायचा, मागून शिशाच्या मिश्रधातूचा भराव द्यायचा. हा ब्लॉक मग खिळ्यांबरोबर एकाच पानात बसवून छापायचा. आपल्याकडे खिळेछपाई पाहिलेल्या कुणालाही पुढची कटकट लगेच कळेल. ब्लॉक आणि खिळे एका उंचीचे हवेत. चित्रातल्या गडद जागेला दाब जास्त हवा, विरळ रेघांना कमी. त्यासाठी खालून-वरून कागदाचे कपटे चिकटवत बसायचं, ज्याला छापखान्यात मेकरेडी म्हणतात. ते नीट झालं नाही तर गडद भाग बुजतो, विरळ रेघा तुटतात आणि मागच्या पानावरची अक्षरं चित्रातून डोकावतात.

टेनियलचा आठवडा अशाच साखळीला बांधलेला होता. 'पंच'चा विषय बुधवारी रात्रीच्या जेवणावर ठरायचा, गुरुवारी कच्चं रेखाटन, शुक्रवारी दिवसभर ठोकळ्याला नाक लावून बसायचं, संध्याकाळी माणूस तो घेऊन जाण्यासाठी थांबलेला असायचा. अ‍ॅलिसला जे मिळे ते उरलेल्या दिवसांतून. 12 ऑक्टोबर 1864 ला, होकार देऊन सहा महिने झाल्यावर, कॅरल त्याच्याकडे गेला तेव्हा ठोकळ्यावर काढलेलं एकच चित्र दाखवायला होतं. त्या भेटीत सुमारे 34 चित्रं ठरली. शेवटी झाली 42.

दोन हजार प्रती मागे

पहिलं पुस्तक जून 1865 च्या शेवटी ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसमधून छापून आलं, 2000 प्रती. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात टेनियलचं पत्र: चित्रांची छपाई अजिबात समाधानकारक नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला कॅरलने ठरवलं की सगळं पुन्हा छापायचं. भेट दिलेल्या प्रती त्याने परत मागवल्या. त्यातल्या बऱ्याच पुढे रुग्णालयांना दिल्या गेल्या. न विकलेले छापील कागद नंतर न्यूयॉर्कच्या अ‍ॅपल्टन या प्रकाशकाने घेतले. नवी आवृत्ती लंडनच्या रिचर्ड क्ले यांच्या छापखान्यातून नोव्हेंबर 1865 मध्ये आली, साल 1866 घालून.

गणिताच्या या मास्तरने रोजनिशीत खर्चाचा ताळा मांडून ठेवला आहे, आणि तो या प्रकरणातला सगळ्यात बोलका कागद आहे. चित्रं काढायला 138 पौंड, कोरायला 142, क्लेकडची छपाई 240, बांधणी आणि जाहिरात अंदाजे 80. एकूण 600 पौंड. 2000 प्रतींवर भागलं तर प्रतीला 6 शिलिंग. विक्रीतून 500 पौंड आले तर 100 चा तोटा, आधीच्या रद्द केलेल्या छपाईचा आणखी 100, म्हणजे पदरचे 200 जाणार. दुसऱ्या 2000 प्रती खपल्या तर त्यांचा खर्च 300, आवक 500, म्हणजे हिशेब बरोबरीत. त्यापुढची विक्री निव्वळ फायदा, पण तेवढी आशा धरवत नाही, असं तो लिहितो.

या आकड्यांशी थोडं थांबू. 600 पैकी 280 पौंड चित्रांचे, म्हणजे जवळजवळ निम्मा खर्च. कोरणाऱ्याला काढणाऱ्यापेक्षा चार पौंड जास्त. 42 चित्रांवर वाटले तर दर चित्रामागे काढण्याचे आणि कोरण्याचे मिळून साडेसहा पौंडांच्या वर. दुसऱ्या खेपेचा खर्च 300 वर उतरतो तोही चित्रांमुळेच, कारण ठोकळे तयार असतात. ज्या माणसाने चित्रांवर निम्मे पैसे घातले आणि चित्रकाराच्या शब्दावर 2000 प्रती रद्द केल्या, तो 1870 मध्ये त्याच चित्रकाराला 'तुला काय कळतं' म्हणणार नव्हता. पाच वर्षांपूर्वी त्या शब्दाची किंमत त्याने मोजली होती, आणि नंतरच्या खपाने ती योग्य ठरली होती.

(सवय मात्र जडली. 1889 मध्ये लहान मुलांसाठीच्या रंगीत अ‍ॅलिसच्या 10,000 प्रती रंग भडक झाले म्हणून त्याने नाकारल्या.)

कोणी काय सांगायचं

पुस्तक हातात घेऊन मजकुरातली वर्णनं शोधायला बसलं की चकित व्हायला होतं. अ‍ॅलिस दिसते कशी, हे कॅरलने जवळपास सांगितलेलंच नाही. ग्रिफिन आल्यावर तो कंसात म्हणतो, हा प्राणी ठाऊक नसेल तर चित्र बघा. राजाने न्यायाधीशाच्या टोपावर मुकुट कसा चढवला हे पाहायचं तर मुखचित्र बघा, असंही एका जागी आहे. उलट टोपीवाल्याच्या टोपीला लावलेली 10 शिलिंग 6 पेन्सची चिठ्ठी मजकुरात कुठेच नाही. ती टेनियलची भर. पण तिच्यामुळे कळतं की हा माणूस विकायची टोपीच डोक्यावर घालून फिरतो, आणि हे पुढे मजकुरातल्या त्याच्या साक्षीशी जुळतं. बोलणं लेखकाचं, रूप चित्रकाराचं, अशी ही वाटणी. ती ठरवून झाली की होत गेली ते बाजूला ठेवू. पण नवशिक्या जोडीत नेमकं इथेच बिनसतं. लेखक लिहितो, 'तिने लाल फुलांचा निळा फ्रॉक घातला होता', चित्रकार निळ्या फ्रॉकवर लाल फुलं काढतो, आणि एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते. संहितेच्या दुसऱ्या खर्ड्यात अशी डोळ्यांनी दिसणारी विशेषणं पेन्सिलीने अधोरेखित करून चित्राकडे सोपवली, तर मजकुराच्या बऱ्याच ओळी गळतात.

वाटाघाटीचा सगळ्यात सुंदर नमुना 'लुकिंग-ग्लास'मधल्या वॉलरसच्या कवितेत आहे. वॉलरसचा जोडीदार कोण असावा यासाठी कॅरलने टेनियलपुढे तीन पर्याय ठेवले: कार्पेंटर, बटरफ्लाय, बॅरनेट. म्हणजे सुतार, फुलपाखरू किंवा उमराव. तिन्ही शब्द त्या छंदात सारखेच बसतात, पहिल्या अक्षरावर आघात आणि पुढची दोन हलकी. आपल्या गणांच्या भाषेत भगणाच्या चालीचे. कवीला तिन्ही सारखे होते. टेनियलने सुतार निवडला. त्या कवितेत सुताराच्या सुतारकीचा अर्थ शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. इथे शिकण्यासारखं आहे ते विचारण्याच्या पद्धतीत: लेखकाने आधी स्वतःची अट, म्हणजे छंद, सांभाळला आणि मग त्या अटीत मोकळीक दिली. 'तुला हवं ते काढ' असं मोघम सांगितलं असतं तर उत्तर छंदात बसलं नसतं.

सगळं गोड नव्हतं. अ‍ॅलिसच्या झग्याला एवढा घेर नको, 'लुकिंग-ग्लास'मधला पांढरा सरदार (व्हाइट नाइट) म्हातारा दिसू नये, त्याला मिशा-कल्ले नकोत, असं कॅरल लिहीत राहिला. टेनियलच्या पांढऱ्या सरदाराला भरघोस मिशा आहेत. मॉडेलवरूनही धुसफूस राहिली. टेनियलचं उत्तर असं की गणितज्ञाला उदाहरण सोडवताना पाढ्यांचा तक्ता जितका लागतो तितकंच मला मॉडेल लागतं. अनेक वर्षांनी कॅरलने एका चित्रकर्तीला लिहिलं की त्यामुळेच काही चित्रांत अ‍ॅलिसचं डोकं मोठं आणि पावलं लहान झाली. खरंही आहे ते. चित्रं उघडून पावलं बघा.

पान

चित्र कुठल्या पानावर आणि पानाच्या कुठल्या भागात येणार, यावर या जोडीने केलेलं काम आजच्या पुष्कळ चित्रपुस्तकांतही दिसत नाही. चेशायर मांजर झाडावर बसलंय ते चित्र काटकोनी आहे: झाड पानाच्या एका कडेने उभं, खाली अ‍ॅलिस, आणि उरलेल्या कोपऱ्यात मजकूर. वाचकाची नजर ओळी वाचता वाचता फांदीच्या बाजूने उतरते. पुढचं पान उलटलं की तेच झाड, पण मांजर विरत चाललेलं. पान उलटण्याची क्रियाच मांजर पुसते.

'लुकिंग-ग्लास'मध्ये हा विचार आणखी पुढे गेला. पान 11 वर अ‍ॅलिस शेकोटीच्या वरच्या कट्ट्यावर गुडघा टेकून आरशात शिरते, पाठ आपल्याकडे. पान उलटा. पान 12 वर ती आरशातून बाहेर येते, तोंड आपल्याकडे, आणि त्या बाजूच्या घड्याळाला हसरा चेहरा फुटलाय. 11 आणि 12 एकाच कागदाच्या दोन बाजू आहेत. तो कागद म्हणजे आरसा. पुढच्या काळातल्या अनेक आवृत्त्यांनी ही दोन चित्रं समोरासमोर छापली किंवा एका पानाने पुढे-मागे ढकलली, आणि आरसा फुटला.

हे साधायला मजकुराची लांबी ओळीओळीने जुळवावी लागते. आज हे तपासायला छापखाना लागत नाही. ए-4 चे आठ कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की 32 पानांची डमी होते. मजकुराच्या पट्ट्या कापून त्यावर चिकटवायच्या (रबर सिमेंटने, म्हणजे उचलून हलवता येतात), चित्राच्या जागी नुसता आकार काढायचा आणि पानं उलटत मोठ्याने वाचायचं. डावं पान सम, उजवं विषम. धक्का देणारी गोष्ट उजव्या पानावर आली तर ती आधीच नजरेला पडते. उलटल्यावर डावीकडे आली तर धक्का बसतो. पडद्यावर दोन पानं शेजारी बघत काम करणाऱ्यांच्या हातून नेमकं हेच सुटतं.

पुन्हा गांधीलमाशी

दुसऱ्या पुस्तकासाठी टेनियलने आधी नकार दिला होता. कॅरलने दुसऱ्या चित्रकारांना विचारून पाहिलं, 'पंच'ला भरपाई देऊन टेनियलचे पाच महिने विकत घेण्याचीही तयारी दाखवली. जून 1868 मध्ये टेनियलने होकार दिला, पण फुरसत मिळेल तसं करीन या अटीवर. जानेवारी 1869 मध्ये पहिलं प्रकरण छापखान्यात गेलं. मार्च 1870 मध्ये दोघांची दोन तासांची बैठक झाली आणि सुमारे 30 चित्रांचं ठरलं. त्यानंतर तीन महिन्यांनी ते पत्र.

म्हणजे पत्र आलं तेव्हा त्या प्रसंगाचा मजकूर गॅलीत (पानं पाडण्याआधीच्या लांब प्रूफात) होता. खिळे जुळले होते, पण पानं पडली नव्हती, त्या प्रसंगाचा ठोकळा तर नव्हताच. बदलायला सगळ्यात स्वस्त अशी ती वेळ. आपल्याकडे दिवाळी अंकाच्या चित्रकाराच्या हाती कथा पडते तेव्हा ती बहुधा लागून तयार असते, चित्रासाठी चौकोन सुटलेला असतो आणि मुदत परवाची असते. अशा वेळी चित्रकाराला प्रसंगाबद्दल काही वाटलं तरी तो बोलून काय करणार?

वगळलेला मजकूर शंभर वर्षं कुणी पाहिला नव्हता. त्याच्या गॅल्या 1974 मध्ये लंडनच्या सदबीज लिलावात आल्या आणि 1977 मध्ये प्रसिद्ध झाल्या. प्रसंग पांढऱ्या सरदाराच्या प्रकरणातला, अ‍ॅलिसने शेवटचा ओढा ओलांडण्याआधीचा. झाडाला टेकलेली एक म्हातारी, कुरकुरणारी गांधीलमाशी (इंग्रजीत ती पुरुष आहे, मराठीत माशीचं लिंग आडवं येतं). तिच्या डोक्याभोवती आणि तोंडाभोवती पिवळा रुमाल बांधलेला. रुमालाखाली पिवळाधमक, समुद्री शेवाळासारखा गुंतलेला टोप.

आता चित्रकाराच्या खुर्चीत बसा. माध्यम एकरंगी, फक्त काळी रेघ. माशी पिवळी, रुमाल पिवळा, टोप पिवळा. प्रसंगातला रंगाचा सगळा विनोद छापात पांढरा. भाव दाखवायला चेहरा हवा, तर चेहऱ्यावर रुमाल. टोप दाखवायला रुमाल काढला तर शेवाळाच्या ढिगाखाली माशीचं ते इवलंसं त्रिकोणी तोंड. शिवाय लगेच आधीच्या पानांत एक वयस्क, केविलवाणा पुरुष अ‍ॅलिसशी बोलत बोलत निरोप घेऊन गेलेला आहे, आणि एक बोलका कीटक आगगाडीच्या प्रकरणात येऊन गेला आहे. चित्रमालिकेत बघितलं तर हे तिसऱ्यांदा तेच.

तरीही 'चित्रकलेच्या आवाक्याबाहेर' हे जरा जास्तच झालं. बेडकाला नोकराचा गणवेश चढवणाऱ्या आणि आयुष्यभर राजकारण्यांना जनावरांची धडं लावणाऱ्या हाताला टोपवाली माशी अवघड नव्हती. पत्रातली घाई खोटी नाही. एक ठोकळा कमी म्हणजे त्याचे दोन-तीन दिवस वाचत होते, आणि हे न सांगताही कॅरलला कळत असणार. पण आळसातून आलेला सल्लाही बरोबर असू शकतो. त्या गॅल्या वाचल्यावर आमचं मत टेनियलच्या बाजूचं आहे: संवाद शब्दांच्या कोट्यांवर रेंगाळतात, आणि अ‍ॅलिस राणी होण्याच्या उंबरठ्यावर असताना गोष्ट बसून राहते. अ‍ॅलिसने त्या म्हाताऱ्या जिवाशी दाखवलेली माया हे तिथलं एकच मोलाचं, आणि ती माया सरदाराच्या निरोपात येऊन गेलेलीच आहे.

जिथे त्याला दुसऱ्याचं मत हवं होतं तिथे कॅरल विचारायलाही कचरला नाही. जॅबरवॉक राक्षसाचं चित्र मुखचित्र म्हणून ठरलं होतं. ते लहान मुलांना फार भीतिदायक होईल का, असा प्रश्न पडल्यावर त्याने 1871 च्या सुरुवातीला सुमारे 30 आयांना छापील पत्रक पाठवलं. पर्याय तीन: आहे तिथेच ठेवावं, आत कवितेजवळ हलवून नवं मुखचित्र द्यावं, की काढूनच टाकावं. राक्षस आत गेला आणि मुखचित्राची जागा मिशीवाल्या सरदाराला मिळाली. यात ठोकळा वाया गेला नाही, फक्त जागा बदलली; पर्याय आखतानाच त्याने हे पाहिलं असणार.

मजकूर जानेवारी 1871 मध्ये संपला. चित्रं शरद ऋतूपर्यंत येत राहिली. एकूण 50. पहिली छपाई 9000 प्रतींची, आणि लगेच आणखी 6000 ची मागणी गेली.

राहिली आगगाडी. छापलेलं चित्र नीट पाहिलं की त्या पत्रातली पहिली सूचना वेगळी दिसू लागते. डब्यात एका बाजूला अ‍ॅलिस, डोक्यावर पिसाची टोपी, हात मऊ केसाळ मफमध्ये (उबेसाठी दोन्ही हात घालायच्या नळीत). समोर पांढऱ्या कागदाचा पोशाख केलेला गृहस्थ आणि बोकड. खिडकीतून गार्ड दुर्बिणीने तिला न्याहाळतोय. उडी अजून झालेली नाही. दाढी कुणी धरलेली नाही, आणि त्या क्षणाचं वेगळं चित्र पुस्तकात नाही. टेनियलने सुचवलेली दाढी स्वतः कधी काढलीच नाही. पण या डब्यात म्हाताऱ्या बाईला बसायला जागाच उरत नाही, आणि जी बाई चित्रात नाही तिचे केस दोन पानांनंतर अ‍ॅलिसच्या हातात आले असते, तर एखाद्या चौकस मुलाने पान मागे उलटून विचारलं असतं, की ही होती कुठे?